गुहेच्या तोंडाशी काकांचं दुकान

माझे काका जुनी पुस्तकं विकायचे, पण वाचायचे नाहीत. बंगळूरच्या शिवाजीनगरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एका बाजूला सायकलदुरुस्ती, दुसऱ्या बाजूला बिर्याणीचं हॉटेल आणि मध्ये काकांचं दुकान. पुस्तक हातात आलं की ते जाडी बघायचे, शिवण बघायचे, वाळवी लागलीय का बघायचे आणि कुठल्या फळीवर टाकायचं ते ठरवून मोकळे व्हायचे. वाचणाऱ्या माणसानं पुस्तकांचा धंदा करू नये असं त्यांचं मत होतं. मिठाईवाला कधी मिठाई खातो का, असं ते विचारत. आमच्या ओळखीचा एकुलता एक मिठाईवाला चांगला गलेलठ्ठ होता, पण ते आम्ही काकांना कधी सांगितलं नाही.

नव्वद सालानंतर कधीतरी मद्रासच्या एका दलालानं काकांना खोकी विकली. परदेशात न खपलेली पुस्तकं बोटीनं येत, बंदरावर त्यांचा लिलाव होई, तिथला हा माल. काकांनी खोकी न उघडताच घेतली. घरी न आणता थेट दुकानात उतरवली आणि मग उघडली. आत पुस्तकांच्या वेष्टनांवर पंख असलेले राक्षस, तलवारी घेतलेले सांगाडे, अंतराळयानं, घोड्यावरचे पिस्तूलवाले. आत पानोपानी कोष्टकं. कोष्टकं बघून काकांनी सगळी पुस्तकं इंजिनिअरिंग प्रवेशपरीक्षेच्या गाइडांशेजारी लावली.

पहिलं पुस्तक घेऊन गेलेला विद्यार्थी दुसऱ्याच दिवशी परत आला.

"अंकल, यात प्रश्न आहेत, पण उत्तरं नाहीत."

मग काकांनी ती धार्मिक फळीवर हलवली, कारण वेष्टनावर राक्षस होते. तिथून एका बाईंनी एक नेलं आणि तिसऱ्या दिवशी काही न बोलता काउंटरवर ठेवून गेल्या. त्यानंतर काका माझ्याकडे आले.

मी तेव्हा पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीत, पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात तपासणी विभागात होते. बाहेरून आलेला माल मोजायचा, चालवून बघायचा आणि त्याला चिठ्ठी बांधायची. हिरवी म्हणजे घ्या, पिवळी म्हणजे दुरुस्त करून आणा, लाल म्हणजे परत न्या. दिवसभर मी एवढंच करत असे आणि मला ते आवडत असे.

"तू तपासणीत आहेस ना?" काका म्हणाले. "मग हे तपास. काय आहे आणि कुणाला विकायचं, एवढंच सांग."

मी त्यातली काही पिशवीत घालून बसनं यशवंतपूरला घरी आणली. माझे वडील, अप्पा, व्हरांड्यात बसले होते. काका माझ्या मागेच होते. अप्पांनी पिशवीकडे बघितलं आणि मला विचारलं, "काकाला विचार, आता हे काय आणलं?"

"अण्णांना सांग, तिला वाचायला दिलंय," काका म्हणाले. थोरल्या भावाला, म्हणजे अप्पांना, ते अण्णा म्हणत.

दोघांमध्ये चपला काढायची जागा होती, तेवढंच अंतर.

इथं हे सांगायला हवं. आमचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं, असं अप्पा सांगत. एवढ्या वर्षांत घराण्यात कुणी व्यापार केला नव्हता. अप्पा यशवंतपूर स्टेशनच्या मालधक्क्यावर हेडक्लार्क होते. काका त्यांच्याहून पुष्कळ लहान. आजोबा लवकर गेले, तेव्हा अप्पांनीच त्यांना वाढवलं, शिकवलं, आणि आयुष्यात एकदाच साहेबापुढे हात जोडून एका कचेरीत चिकटवलं. काकांनी ती नोकरी वर्षाच्या आत सोडली आणि फुटपाथवर पुस्तकं मांडली. अप्पांना ते कुणा तिसऱ्याकडून कळलं. त्या दिवसापासून अप्पा त्यांच्याशी बोलत नव्हते. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. दोघं एकाच घरात राहत, शेजारी बसून जेवत, आणि नळ गळत असला तर आईच्या नाहीतर माझ्या मार्फत एकमेकांना कळवत.

तर पुस्तकं. मी चार दिवस वाचली आणि हळूहळू उलगडा झाला. हा खेळ होता. एकानं सूत्रधार व्हायचं. बाकीच्यांनी कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर व्हायचं. सूत्रधार सांगणार, समोर नदी आहे. बाकीच्यांनी सांगायचं, आम्ही काय करतो. जमेल की नाही ते फाशावर ठरायचं. पुस्तकं तीन जातींची होती: नियमांची, त्या त्या काल्पनिक जगाची माहिती देणारी, आणि एकेका मोहिमेची. पण वाचून त्यातलं चांगलं कुठलं, वाईट कुठलं ते कळेना. पंपाचं चित्र बघून पंप पास करता येत नाही. पाणी सोडावं लागतं.

पाणी सोडायला माणूस आपोआप आला. पुण्याहून येऊन इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलेला एक मुलगा काकांच्या दुकानात स्वस्त कादंबऱ्या शोधायला यायचा. त्यानं ती खोकी बघितली आणि खाली बसलाच.

"काका, हे तुमच्याकडे कसं काय? अ‍ॅक्च्युअली मी हे खेळलोय! कंपनीनं प्रोजेक्टसाठी अमेरिकेला पाठवलं होतं ना, तिथले लोक दर शनिवारी हेच करायचे."

"दर शनिवारी?" काकांनी विचारलं. "त्यांना घर नाही?"

ठरलं असं की रविवारी दुपारी दुकान अर्धं बंद असतं, तेव्हा मागच्या खोलीत पुण्याच्या मुलानं सूत्रधार व्हायचं, मी आणि काकांनी खेळायचं, आणि मग मी प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी घालायची. पुस्तकाला वीस बाजूंचा फासा हवा होता. तो अख्ख्या बंगळूरमध्ये मिळाला नाही. आमच्याकडे हाउजीचा संच होता. त्यातल्या एक ते वीसच्या सोंगट्या कापडी पिशवीत घातल्या आणि काम भागलं.

पहिल्या रविवारी राक्षसांची गुहा होती. पुण्याच्या मुलानं विचारलं, "काका, तुम्ही कोण होणार? योद्धा, मांत्रिक, चोर की पुजारी?"

"दुकानदार."

"तसा ऑप्शन नाहीये, काका."

"मग या गावातली माणसं दोरी कुठून आणतात?"

मुलानं पुस्तक चाळलं. त्यात दोरी, मशाली, कुदळी, चिलखतं यांची दोन पानं भरून यादी होती, पण ते कोण विकतं याबद्दल अक्षर नव्हतं. त्यानं मान्य केलं. मग आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात. आतून कुजका वास येतोय. लांबून कुणीतरी विव्हळतंय. काय करता?"

"मी तलवार काढते," मी म्हणाले.

"मी इथंच बसतो," काका म्हणाले.

"का?"

"आत जाणारे सगळे इथूनच जाणार ना? दुकान इथंच टाकायचं. बाहेर येणारेही इथूनच येणार."

"बाहेर येतीलच असं नाही, काका."

"म्हणून तर आत जायच्या आधी विकायचं."

मी एकटी आत गेले. कोळ्यानं चावा घेतला, एका सांगाड्यानं पाय मोडला, आणि मी सरपटत बाहेर आले तेव्हा काकांनी मला पट्टी विकली. ओळखीची म्हणून सोडलं नाही. मी त्या पुस्तकात चिठ्ठी घातली: "गुहा मोठी आहे, राक्षस भरपूर आहेत. मात्र आत कशासाठी जायचं हे लेखकानं सांगितलेलं नाही. पिवळी."

यानंतर आम्ही पुष्कळ मोहिमा तपासल्या आणि प्रत्येकीत काकांनी दुकान टाकलं. पुण्याचा मुलगा आधी वैतागला. मला मात्र कळलं होतं की याहून चांगलं तपासणीचं यंत्र मिळणार नाही. काकांना पृथ्वी वाचवण्यात रस नव्हता. खजिन्यातही नव्हता. गावातल्या म्हाताऱ्यानं रडून विनवणी केली तर ते त्याला पाणी देत आणि बसवून ठेवत. जी मोहीम काकांना दुकानातून उठवील तिला हिरवी चिठ्ठी, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

घोड्यांच्या आणि पिस्तुलांच्या मोहिमेत त्या गावात किराणा दुकान आधीच होतं. काकांनी ते भागीदारीत घेतलं. दरोडेखोर आले, शेरीफ मेला, गाव जळालं. काका मापं तपासत होते. अचाट शक्तीच्या माणसांचं एक पुस्तक होतं, त्यात प्रत्येकानं एकेक शक्ती निवडायची. मी उडायचं ठरवलं. काकांनी दुकानाचं शटर एका बोटानं उचलता येईल इतकी ताकद मागितली आणि त्याहून जास्त घ्यायला नकार दिला. वर अंगावर घट्ट कपडे कशाला, असंही विचारलं. त्या पुस्तकाला मी लाल चिठ्ठी घातली, पण ती त्या प्रश्नामुळे नाही. पुस्तकात निम्मी पानं कपड्यांबद्दलच होती.

भुताची मोहीम आम्ही पावसाळ्यात घेतली. धुक्यातला बंगला, मेलेली मालकीण, आणि ती रोज दार वाजवून आपली हरवलेली वस्तू मागते. पुण्याच्या मुलानं त्यासाठी तयारी केली होती. खिडकीला पोतं लावून अंधार केला होता. बिर्याणीचा वास तेवढा अडवता आला नव्हता.

"दारावर तीन थापा पडतात," तो कुजबुजला. "बाहेरून बाईचा आवाज येतो... उघडा. काय करता?"

मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. काका म्हणाले, "नाळे बा."

"म्हणजे?"

"कन्नड आहे. उद्या ये." त्या दिवसांत गावभर लोकांनी दारांवर खडूनं हेच लिहून ठेवलं होतं. रात्री एक भूत दार वाजवतं, ते वाचतं आणि परत जातं, असं सगळे सांगत. पुण्याचा मुलगा भाड्यानं राहत होता त्या घराच्या दारावरही ते होतं, पण त्याला वाटलं होतं ते घरमालकाचं नाव आहे.

"भुतानं ऐकलंच पाहिजे असं पुस्तकात कुठे आहे?" त्यानं विचारलं.

"ऐकू नये असं कुठे आहे?"

नव्हतं. भूत दुसऱ्या दिवशी आलं, काकांनी पुन्हा तेच सांगितलं. तीन रविवारांत मोहीम दारापलीकडे गेली नाही. मी लिहिलं: "परगावी चालेल. बंगळूरमध्ये उपयोगी नाही."

माहितीच्या पुस्तकांचं काम वेगळं होतं. ती खेळायची नव्हती, नुसती तपासायची होती. एका पुस्तकात एका काल्पनिक शहराचं वर्णन होतं, नकाशासकट. त्यात देवळं होती, चोरांच्या टोळ्यांची मुख्यालयं होती, सोळा खानावळी होत्या, आणि भाजी मंडई नव्हती. काकांनी नकाशा बराच वेळ बघितला. "सोळा खानावळी जेवायला काय घालतात?" ते म्हणाले. पिवळी.

चिठ्ठ्यांचा परिणाम झाला. कॉलेजच्या हॉस्टेलमधली मुलं दुकानात यायला लागली. चिठ्ठी वाचत, आपसांत वाद घालत, पुस्तक नेत. एकानं तक्रार केली की ड्रॅगनच्या अमुक पुस्तकाला पिवळी देणं हा अन्याय आहे. काका म्हणाले, "तिनं पिवळी म्हटली की पिवळी," आणि त्याला ते पुस्तक बांधून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात गल्ली खणली. गटाराचं काम होतं, ते किती चालेल कुणी सांगेना. मागच्या खोलीचं दार चरावर उघडायला लागलं. मग रविवारचा खेळ आमच्या घरी, बैठकीच्या खोलीत आला. त्याच खोलीत रविवारी दुपारी अप्पा आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत. त्यांनी जागा सोडली नाही, आम्हीही मागितली नाही. आम्ही सतरंजीवर, ते वर्तमानपत्राच्या मागे.

एका रविवारी माझ्या योद्ध्यानं पूर आलेली नदी पार करायला उडी मारली. पुण्याच्या मुलानं सोंगटी काढायला पिशवी पुढे केली. वर्तमानपत्राच्या मागून आवाज आला, "त्या मुलाला सांग, चिलखत घालून पोहता येत नाही. त्यानंच मागच्या आठवड्यात वाचून दाखवलंय."

मुलानं पुस्तक उघडून बघितलं. बरोबर होतं. माझा योद्धा बुडाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अप्पांनी बऱ्याच वेळात पान उलटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नियमांचं पुस्तक मागून घेतलं. आठवड्यानं परत दिलं तेव्हा त्यातून कागदाच्या बारीक पट्ट्या बाहेर डोकावत होत्या. जिथे जिथे एक नियम दुसऱ्याला छेद देतो तिथे तिथे पट्टी. "एका पानावर म्हणतात घोडा दिवसाला इतका चालतो, दुसऱ्या पानावर त्याच्या दुप्पट," अप्पा मला म्हणाले. "यांची मालगाडी कधी वेळेवर पोचायची नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्याच्या मुलाला कंपनीनं परत परदेशी पाठवलं. जाताना त्यानं आईला नमस्कार केला, काकांना दोन कादंबऱ्या परत केल्या, आणि सोंगट्यांची पिशवी माझ्या हातात दिली. सूत्रधार मी झाले. खोकी अजून निम्मी भरलेली होती आणि खेळाडू एकच होता. मी अप्पांना विचारलं.

"बसायला हरकत नाही," अप्पा म्हणाले. "पण मी नियमाप्रमाणे खेळणार."

मी मुद्दाम खुनाच्या तपासाची मोहीम काढली, कारण त्यात धावपळ कमी होती. परदेशातलं धुक्याचं एक शहर. अप्पा पोलीस इन्स्पेक्टर झाले. काकांनी खून झाला त्या रस्त्यावर तंबाखूचं दुकान टाकलं. अप्पा खुर्चीतच राहिले, काका सतरंजीवर.

अप्पा मला म्हणाले, "त्या दुकानदाराला विचार, खुनाच्या दिवशी दुकानात कोण आलं होतं."

"अप्पा, सूत्रधार निरोप पोचवत नाही. ज्याचं त्यानं बोलायचं. नियम आहे."

"कुठल्या पानावर?"

मी पान दाखवलं. त्यांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत वाचलं. पट्टी घालण्यासारखं काही सापडलं नाही. मग काकांच्या डोक्यावर जे कॅलेंडर होतं त्याच्याकडे बघून ते म्हणाले, "दुकानदार."

काकांनी वर बघितलं. "काय साहेब?"

"खुनाच्या दिवशी तुमच्या दुकानात कोण आलं होतं?"

"पुष्कळ येतात. तुम्ही काय घेणार?"

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. आई हातात झारा घेऊन दारात येऊन उभी राहिली. कढईत काहीतरी करपल्याचा वास आला, तरी ती हलली नाही.

"मी काही घ्यायला आलो नाही. चौकशीला आलोय."

"सरी, ठीक आहे. चौकशी करा. पण स्वल्प बाजूला उभं राहून करा, गिऱ्हाइकाला वाट राहू दे."

ती चौकशी संध्याकाळपर्यंत चालली. इन्स्पेक्टरनं शेवटपर्यंत दुकानदारावर संशय घेतला. खून डॉक्टरनं केला होता, पुरावे ढळढळीत होते, मी ते तीन वेळा त्यांच्यासमोर आणून ठेवले. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. मोहीम पूर्ण फसली. मी हिरवी चिठ्ठी लिहिली.

सोमवारी सकाळी अप्पा मला म्हणाले, "काकाला सांग, बाथरूमचा बल्ब गेलाय." मी सांगितलं.

तर असं सुरू झालं. रविवारी बोलायचे, तेही पात्रांच्या तोंडून, आणि बाकीचे दिवस पहिल्यासारखं. आईला हे अजिबात पटत नव्हतं. "एवढं बोलता येतं तर सरळ बोला की," ती मला म्हणे, कारण त्या दोघांना तीही सांगत नसे. पण मी सूत्रधार असल्यानं मला आणखी एक गोष्ट दिसत होती. दोघंही आठवडाभर काही काही रविवारसाठी ठेवायला लागले होते. त्या थंडीत काकांना खोकला झाला होता, औषध घेत नव्हते. रविवारी समुद्री चाच्यांची मोहीम चालू होती. अप्पा जहाजाचे कप्तान होते. भर वादळात, डोलकाठी मोडत असताना कप्तानानं बंदरातल्या दुकानदाराला गाठलं आणि विचारलं, "तुमचा खोकला कसा आहे?"

दुकानदाराला खोकला नव्हता. पुस्तकात तसं काही नव्हतं.

"आहे, साहेब," काका म्हणाले. "रात्री जरा वाढतो."

"मग डॉक्टरला दाखवा."

"बघतो."

"बघतो नाही. उद्या दाखवा." आणि मग माझ्याकडे वळून, "हां, डोलकाठीचं काय झालं?"

मंगळवारी काका डॉक्टरकडे जाऊन आले. घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही.

खोक्यांच्या तळाशी अंतराळातली एक मोहीम होती. बारीकशी, वेष्टनावर चित्रही धड नाही. ती सापडली तेव्हा अप्पा रिटायर व्हायला आले होते. त्यात एक मालवाहू यान होतं, म्हणून ती त्यांनीच निवडली. यानाच्या मालाचे मुख्य अधिकारी ते झाले आणि पहिला पूर्ण रविवार त्यांनी डब्यांत काय काय भरलंय ते विचारण्यात घालवला. मला बरंचसं बनवून सांगावं लागलं. काकांनी यानात चहाचं दुकान टाकलं.

दुसऱ्या रविवारी अपघात झाला. पुस्तकात तसंच होतं. यानाला भोक पडलं, हवा जायला लागली. सुटकेची एक लहान होडी होती, तिच्यात बसून सगळ्यांनी निघायचं. पण मागच्या दालनातली झडप कुणीतरी हातानं दाबून धरल्याशिवाय होडी सुटणार नव्हती. लेखकानं इथं सुचवलं होतं की खेळाडूंनी यंत्रमानव वापरावा. तो यंत्रमानव आधीच्या पानांत त्यांना भेटायला हवा होता. आमचे खेळाडू डबे मोजत असल्यानं भेटला नव्हता.

"मी झडप धरतो," अप्पा म्हणाले. "माल आणि माणसं सुटेपर्यंत अधिकाऱ्यानं जागा सोडायची नसते."

"काका, तुम्ही होडीपाशी आहात," मी म्हणाले. "दुकान तिथंच आहे. पाऊल टाकलंत की सुटलात."

काकांनी समोरचा कप बाजूला सरकवला. "मी दुकान बंद करतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे होडीत बसता?"

"नाही. मागे जातो. झडपेकडे."

"परत यायला हवा पुरणार नाही, काका."

"कळलं मला." ते सतरंजीवरून उठले. खरोखरच उठले, गुडघ्यावर हात देऊन, आणि अप्पांच्या खुर्चीजवळ जाऊन उभे राहिले. "अण्णा, चला."

यानावरचे सगळे अप्पांना साहेब म्हणत. काकाही आतापर्यंत साहेबच म्हणत होते.

अप्पांनी कॅलेंडरकडे बघितलं नाही. "मला येता येणार नाही," ते म्हणाले. "मी हात काढला तर बाकीचे मरतील. नियम आहे."

"मग मी बसतो इथंच."

"तुझं इथं काय काम?"

"काही नाही."

"मग कशाला बसतोस?"

 काका खुर्चीच्या पायाशी जमिनीवर बसले. मी पिशवीत हात घातला, कारण नियमाप्रमाणे सोंगटी काढायला हवी होती. फार लहान आकडा आला. होडी सुटली, बाकीची माणसं वाचली, आणि ते दोघं गेले. लेखकानं त्या मरणाचं वर्णन अर्धं पान भरून केलेलं होतं, तारे वगैरे घालून. ते वाचून दाखवायचं असतं, म्हणून मी वाचलं.  ऐकत कुणीच नव्हतं.

माझं वाचून झाल्यावर अप्पा म्हणाले, "नोकरी सोडलीस तेव्हा मला आधी सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही सोडू दिली नसती."

अप्पांनी विचार केला. ते कुठलीही गोष्ट नीट विचार करून मान्य करत.

"नसती दिली," ते म्हणाले.

"म्हणून नाही सांगितलं."

"मी साहेबांना काय तोंड दाखवलं असेल?"

"चुकलं माझं ते," काका म्हणाले. "पण नोकरी सोडली ते नाही चुकलं."

 बाहेर भाजीवाला ओरडून पुढे निघून गेला.

"सरी," अप्पा म्हणाले. मग ते आईला म्हणाले, "कॉफी कर. सगळ्यांना." आईनं डोळे पुसले नाहीत, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे डोळ्यांत काही नव्हतंच. कॉफीत साखर मात्र घालायची राहिली आणि कुणी मागितली नाही.

त्यानंतर घर सुखी झालं असं म्हणता येणार नाही. दोघं बोलायला लागले आणि बोलायला लागल्यावर जे करतात ते करायला लागले. वर्तमानपत्र आधी कुणी वाचायचं, नारळाच्या झावळ्या कुणी पाडायच्या, आजोबांना नेमका कुठला आजार होता, अशी वर्षानुवर्षांची भांडणं साचली होती. ती रोज दोन-तीन या गतीनं निपटली जात होती. आई म्हणे, पूर्वी निदान दुपारची झोप लागायची. अप्पा रिटायर झाल्यावर दुकानात जाऊन बसायला लागले. मालधक्क्याच्या पद्धतीनं त्यांनी सगळी पुस्तकं पुन्हा लावली. आता दुकानात काय कुठे आहे ते फक्त अप्पांना सापडे, आणि काका गिऱ्हाइकांसमोर तसं मोठ्यानं बोलून दाखवत.

रविवारचा खेळ बंद पडला. गरज राहिली नव्हती असं मी म्हणत नाही; दोघांना वेळ नव्हता. खोकीही संपली. शेवटची काही पुस्तकं हॉस्टेलची मुलं चिठ्ठी न बघताच घेऊन गेली.

मग दलालाचा निरोप आला की नवीन माल आलाय. काकांनी आयुष्यात बंगळूर सोडलं नव्हतं, मद्रासचा माल नेहमी माणसाकरवी येत असे. या वेळी अप्पा म्हणाले, न उघडता खोकी घेणं हा मूर्खपणा आहे, मी स्वतः येतो. रेल्वेचा माणूस, त्यांना वाटेत कुणी फसवणार नव्हतं. दोघं गेले. नियमाप्रमाणे अप्पांनी दलालासमोर एक खोकं उघडायला लावलं, त्यात उत्तम पुस्तकं निघाली, आणि त्यांनी सगळी खोकी घेतली. बाकीच्या खोक्यांत विणकामाचे नमुने होते. जर्मन भाषेत.

हे बाकीची खोकी मागाहून मालगाडीनं आली आणि दुकानात उघडली तेव्हा कळलं. ते दोघं परत आले तेव्हा मी त्यांना स्टेशनवर उतरवून घ्यायला गेले होते. गाडी थांबली, दरवाज्यातून आधी काकांची पाठ दिसली, मग खोकं, मग खोक्याचं दुसरं टोक धरलेले अप्पा.

"हळू," अप्पा म्हणत होते. "पायरी आहे."

"दिसतेय मला पायरी, अण्णा."

"दिसतेय तर पाय का नाही टाकत?"

"तुम्ही ढकलताय म्हणून."

मागची माणसं उतरायला खोळंबली होती. हमाल दोन्ही बाजूंनी विचारत होते. काकांचा पाय फलाटाला लागला आणि ते दोघं खोकं मध्ये धरून, एकमेकांना सूचना देत, माझ्या बाजूनं गर्दीतून पुढे निघून गेले. मी उभी आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी दरवाज्यात राहिलेली त्यांची पिशवी आणि छत्री उचलली आणि मागोमाग गेले.